जिमखान्यातले बूट आणि जमुनाचा गुडघा

माझ्या नेमणुकीच्या कागदावर ‘जिमखाना परिचर’ असा हुद्दा होता. कॉलेजात मात्र मी तडवी मामा. आपल्याकडे कॉलेजातला शिपाई म्हटला की तो सगळ्यांचा मामा. वयानं मोठे असलेले प्राचार्यसुद्धा त्याला मामाच म्हणतात. जळगावातल्या त्या कॉलेजात मी एकतीस वर्षं मैदानाच्या कडेच्या एका लांबट खोलीत काढली. खोलीला एक खिडकी, तीन भिंतींना लाकडी फळ्या आणि फळ्यांवर बूट. फुटबॉलचे, हॉकीचे, क्रिकेटचे. भाले, गोळे, नेट, चेंडू हेही माझ्याच ताब्यात होतं, पण ते नुसतं मोजून ठेवलं की झालं. बूट तसे सांभाळता येत नाहीत.

दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगायला आमचेच एक जुने विद्यार्थी घरी आले होते. मामा, गमतीजमती लिहा, म्हणाले. गमती आहेत, त्यातल्या एक-दोन सांगतो. पण मला जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही, आणि आजवर मी ते दोनच माणसांना सांगितलं आहे, त्यातली एक माझी बायको.

आधी काम काय होतं ते सांगायला हवं. आमच्याकडे येणारी निम्मी पोरं चपलांवर येत, काही अनवाणी. स्वतःचे खिळ्यांचे बूट फार थोड्यांकडे. कॉलेजचे बूट मी सही घेऊन द्यायचो आणि खेळ संपला की परत घ्यायचो. नवीन माणसाला वाटतं, पायाचा नंबर बघायचा आणि बूट द्यायचा. तसं नसतं. आधी मैदान बघावं लागतं.

आमची माती काळी, कपाशीची. उन्हाळ्यात ती सिमेंटसारखी होते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मैदानावर लांब खिळ्यांचा बूट दिला तर खिळे आत शिरतच नाहीत. पोरगं सहा टोकांवर उभं राहतं, तळव्याला प्रत्येक खिळ्याखाली फोड येतो आणि घोटा मुरगळतो. तिथे आखूड रबरी खुंट्यांचा, भरपूर खुंट्या असलेला बूट हवा. तीच माती पाऊस पडला की लोण्यासारखी होते. मग रबरी खुंट्या चिखलानं भरतात आणि तळवा सपाट होऊन बसतो. तिथे सहाच खिळे, पण लांब, स्क्रूनं बसवलेले. खिळे कमी असले की मधला चिखल धावताना आपोआप गळतो. मी तळव्याला थोडं एरंडेल चोळायचो, म्हणजे माती चिकटत नसे. पोलीस मैदानासारखं गवत असेल तर मधल्या उंचीच्या, तळव्यातच ओतलेल्या खुंट्या चालतात.

देखभाल तर रोजचीच. खिळे काढून आट्यांना ग्रीस लावायचं, नाहीतर गंज धरून ते पान्यालाही दाद देत नाहीत. झिजलेल्या खिळ्याला धार येते, दुसऱ्याच्या नडगीला लागली तर चिरते. ती कानशीनं घासायची. ओला बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवायचा. एका वर्षी हॉकीच्या कप्तानानं माझ्यावर उपकार म्हणून अकरा जोड पत्र्यावर वाळत घातले. मे महिना, जळगाव. दुपारपर्यंत सगळे तळवे सुटून पापडासारखे वर वळले होते. त्या वर्षी आमचा संघ कॅनव्हासच्या बुटांवर खेळला आणि पहिल्याच सामन्यात हरला. कप्तान आता कुठेतरी मोठा अधिकारी आहे. भेटला की अजून नजर चुकवतो.

निकामी झालेले बूट मी फेकत नसे. चोपडा तालुक्यातला एक केळीवाला त्याच्या मुलाला भेटायला आला होता, त्यानं एक जुना जोड मागून नेला. पावसात केळीच्या बागेत घड खांद्यावर घेऊन चालताना मजूर घसरतात. महिन्याभरानं तो पुन्हा खिडकीशी उभा. “मामा, बूट बेस शेतस. चिखलमा पाय सरकत नही. आखो शेतस का? बठ्ठा मजूर मांगी राहिनात.” बागेतल्या सगळ्याच मजुरांना आता ते हवे होते. मी प्राचार्यांना विचारलं आणि होते तेवढे सगळे देऊन टाकले. आमच्या कॉलेजच्या बुटांनी जिंकलेले सामने थोडे, पण केळीचे घड बरेच सुखरूप बाहेर पडले असतील.

एक गोष्ट मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, एका जुन्या मैदान सांभाळणाऱ्यानं मला दाखवली होती. नवीन मैदानावर गेलो की बूट स्वतःच्या पायात घालायचा, त्या पायावर सगळा भार द्यायचा, टाच किंचित उचलायची आणि अंग एकदम वळवायचं. बुटानं जमीन थोडी धरावी आणि मग सोडावी. धरलीच नाही तर खेळणारा घसरतो, फार तर खरचटतं. पण धरली आणि सोडलीच नाही, तर अंग वळतं, पाय जागेवर राहतो, आणि या दोघांच्या मध्ये गुडघा असतो. एवढं सांगून तो म्हातारा म्हणाला होता की घसरलेलं पोरगं उठतं. पुढचं त्यानं सांगितलं नाही.

जमुना बारेला आमच्याकडे बारावीनंतर आली. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा पाडा. घरी पावसाच्या पाण्यावरची थोडी ज्वारी आणि तूर, उन्हाळ्यात मोहफुलं आणि चारोळी, उरलेल्या दिवसांत मजुरी. इथे ती मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची. खो-खोसाठी नाव द्यायला आली होती. आमच्या क्रीडा शिक्षकांनी, सोनवणे सरांनी, तिला मैदानाला एक फेरी मारायला लावली आणि फुटबॉलमध्ये टाकलं. मुलींचा संघ तेव्हा नवीनच उभा राहत होता. तिचं धावणं बघून सर माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, मामा, हिच्या पायात काहीतरी घाला, हिला जाऊ देणार नाही मी.

घालणं सोपं नव्हतं. जन्मभर अनवाणी डोंगर उतरलेला पाय पुढे पसरट असतो, बोटं मोकळी. बाजारातले मुलींचे बूट अरुंद. ती चार पावलं चालली आणि खाली बसली. बोटं दाबली जातायत, हे मी ओळखलं. मी स्वतः यावल तालुक्यातल्या तशाच एका पाड्यावरून आलो आहे. पहिले बूट घातले तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. मी मुलांचा पाच नंबरचा जुना चामड्याचा जोड काढला, पुढचा भाग ओला केला, लाकडी कलबूत, म्हणजे चांभाराकडचा पायाच्या आकाराचा ठोकळा, त्यात ठोकून बसवला आणि तीन दिवस तसाच ठेवला. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिला बोलावलं. पाय दिवसभरात थोडा सुजतो, म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं, तेही मोजा घालून. तिनं बूट चढवले, उभी राहिली, बोटं आत हलवून पाहिली आणि हसली. त्या दिवसापासून ती रोज सरावानंतर माझ्या खोलीत यायची. स्वतःचे बूट स्वतः धुवायची, आट्यांना ग्रीस लावायची. बोलणं कमी. घरची भाषा बारेली, माझ्याशी खान्देशी आणि कॉलेजातलं मराठी मिसळून बोलायची.

तिला खेळाडू व्हायचं नव्हतं. तिला पोलीस व्हायचं होतं. भरतीत धावायचं असतं, त्याची तिला चिंता नव्हती. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर त्या प्रमाणपत्राचाही उपयोग होतो, हे सरांनी तिला सांगितलं होतं. पाड्यावरच्या एकाही मुलीनं अंगावर वर्दी घातली नव्हती. ती हे सगळं कुणाला सांगत नसे. मला सांगितलं, तेही ग्रीस लावता लावता, खाली बघत.

दुसऱ्या वर्षी धुळ्याला सामना होता. दोन दिवस पाऊस कोसळत होता, पांझरा दुथडी भरून वाहत होती. आम्ही पोचलो तेव्हा मैदानाच्या मधोमध पाणी साचलेलं. समोरच्या संघाच्या मुली नेहमीच्या रबरी खुंट्यांवर उतरल्या. मी एक तास बसून आमच्या अकराही मुलींचे खिळे बदलले, टाचेला सगळ्यांत लांब, पुढे त्याहून थोडे आखूड. रेफरीनं सगळ्यांच्या तळव्यावरून हात फिरवून पाहिला आणि मान हलवली. मध्यंतरात मुली रांगेनं पाय पुढे करून उभ्या राहिल्या आणि मी बोथट सुरीनं माती खरवडत गेलो. समोरच्या मुली वळल्या की घसरत होत्या. जमुना वळली की वळत होती. तिनं दोन गोल केले. परतीच्या बसमध्ये सर सगळ्यांना सांगत होते की आजचा सामना मामांनी जिंकला. मी वर वर नको नको म्हटलं, पण पारोळा येईपर्यंत मी मनात तेच घोळवत होतो.

माझ्या नोकरीतला तो सगळ्यांत चांगला दिवस. त्यानंतर चार महिन्यांनी निवड सामना आला.

तो जळगावातच होता, शहराबाहेर नव्यानं झालेल्या एका खाजगी टर्फवर. टर्फ म्हणजे प्लास्टिकचं गवत, त्यात बारीक काळं रबर पसरलेलं. तिथे लोखंडी खिळे चालत नाहीत, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. माझ्याकडे टर्फला योग्य असा एकच जोड जमुनाच्या मापाच्या जवळपास होता. तळव्याला हरभऱ्याएवढ्या रबरी गोळ्या, भरपूर. पण तो जुना होता, अर्धा नंबर मोठा होता, आणि एका बुटाचा तळवा मी दोऱ्यानं शिवलेला होता. आतून एक सुकतळा जास्त घातला असता आणि दोन मोजे घातले असते, तर चालला असता.

सामन्याच्या दिवशी सकाळी सोनवणे सर एक खोकं घेऊन आले. गावातल्या एका खेळप्रेमी गृहस्थानं जमुनासाठी नवे बूट पाठवले होते. नारिंगी रंगाचे, हलके, तळव्याला गोल खुंट्यांऐवजी लांबट चपटी पाती. असे बूट गवताच्या मऊ मैदानासाठी असतात. खोक्यावर तिचं नाव लिहिलेलं होतं. तिनं ते नाव दोनदा वाचलं. कॉलेजचे नसलेले, दुसऱ्या कुणाच्या पायात न गेलेले, तिच्या नावाचे बूट आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात आले होते.

सामन्याला अजून तासभर होता. मुली जाळीपलीकडे अंग मोकळं करत होत्या. मी त्यातला एक बूट उचलला. माझा पायही पाच नंबरच्या आसपासच, थोडा कोंबला तर जातो. टर्फच्या कोपऱ्यात जाऊन मी तो पायात घातला, भार दिला, टाच उचलली आणि वळलो. बुटानं धरलं. सोडलं नाही. मी पुन्हा वळलो, या वेळी जोरात, तर माझ्याच गुडघ्यात कळ आली आणि मला हात टेकावा लागला. पात्यांमध्ये प्लास्टिकचं गवत अडकत होतं. म्हाताऱ्यानं दाखवलेली परीक्षा मी तोवर शेकडो वेळा केली असेल, इतका स्पष्ट निकाल मला कधी मिळाला नव्हता.

बूट खोक्यात ठेवून, जुना शिवलेला जोड हातात घेऊन मी सरांकडे गेलो. म्हटलं, सर, ते नवे बूट इथे नकोत, पाय सुटत नाही. सर निवड समितीच्या लोकांशी बोलून नुकतेच आले होते, घाईत होते. त्यांनी माझ्या हातातला शिवलेला जोड पाहिला. म्हणाले, “मामा, आज बाहेरची माणसं बघायला आलीत. तिला हे घालून उतरवू?” ते वाईट बोलले नाहीत. त्यांना तिच्याबद्दल माझ्याइतकंच वाटत होतं. पण बुटाचं त्यांना माझ्याइतकं कळत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. मी अजून एकदा बोलायला हवं होतं. मी परिचर आणि ते सर, म्हणून बोललो नाही असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. सर माझं ऐकत असत. धुळ्यानंतर तर जास्तच.

खरं कारण पुढे आहे. मी वळलो तेव्हा जमुना बाकावर बसून नवे बूट चढवत होती. नाडी ओढताना तिनं मान वर केली आणि मला विचारलं, “मामा, हे चालतील ना?”

तिचा चेहरा बघून मी म्हणालो, “चालतील.”

एवढंच. त्यानंतर मी माझी पिशवी घेऊन रेषेच्या बाहेर जाऊन बसलो.

पूर्वार्धात ती फार सुंदर खेळली. समितीतला एक जण वहीत काहीतरी लिहीत होता. मला वाटलं, माझी भीती उगाच होती. उत्तरार्धात चेंडू तिच्याकडे आला तेव्हा तिची गोलकडे पाठ होती. आसपास कुणी नव्हतं, कुणी धक्का दिला नाही. तिनं उजवा पाय रोवला आणि वळली. पाय तिथेच राहिला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला, तो मला रेषेबाहेर ऐकू आला. ती खाली बसली, रडली नाही, दोन्ही हातांनी गुडघा धरून माझ्याकडे बघत राहिली. सरांकडे नाही, माझ्याकडे.

गुडघ्याच्या आतला मुख्य पट्टा, म्हणजे लिगामेंट, तुटला होता. जळगावातच शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टर म्हणाले, चांगली झाली. पण त्यांनी मला आणि सरांना बाजूला घेऊन सांगितलं की आमचं काम अर्धं असतं, उरलेलं अर्धं व्यायामाचं. पहिले काही आठवडे फार महत्त्वाचे. गुडघा पूर्ण सरळ झालाच पाहिजे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा, दिवसातून पाच-सहा वेळा. गुडघ्याखाली मात्र कधीही उशी ठेवायची नाही. उशी ठेवली की बरं वाटतं, दुखत नाही, पण गुडघा वाकलेलाच धरतो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला हे सगळं समोर करून दाखवलं. आठवड्यातून दोनदा आणा, म्हणाल्या.

ते शक्य नव्हतं. वसतिगृहाला सुटी लागली होती आणि कुबड्यांवरच्या मुलीला तिथे कोण बघणार, म्हणून तिच्या वडिलांनी तिला पाड्यावर नेलं. पाडा मुख्य रस्त्यापासून पाच किलोमीटर आत. मीच म्हणालो, काळजी करू नका, दर रविवारी मी येतो, व्यायाम करून घेतो. बाईंनी मला शिकवलंय. बापानं हात जोडले.

मी गेलो. बसनं चोपडा, तिथून जीप, पुढे चालत. पहिल्या रविवारी ती दारात खाटेवर बसलेली होती. आम्ही व्यायाम केला. दुखायचं, ती ओठ दाबून धरायची. तिची आई जवळ बसून बघायची, तिला मराठी कळत नव्हतं, मी हातवारे करून सांगायचो. दुसऱ्या रविवारी गुडघा बराच खाली आला. तिसऱ्या रविवारी गेलो तर गुडघ्याखाली गोधडीची घडी. पोरीला कळा येतात म्हणून आईनं ठेवली होती. मी ती काढली, पुन्हा समजावलं आणि निघालो.

चौथ्या रविवारी आमच्या मुलांच्या संघाचा सामना भडगावला होता. पाचव्या रविवारी धुळ्याला. स्पर्धांचे दिवस होते, रविवारी सामने असायचेच. सगळ्यांचे बूट माझ्याकडे. सरांना म्हटलं असतं तर सामन्याला माझ्या जागी दुसरा कुणी गेला असता, पण मी विचारलंच नाही. मनात होतं, की आता तिला सगळं माहीत झालंय, ती करेल. आणि खरं सांगायचं तर त्या खाटेसमोर बसायचं माझ्या जिवावर यायला लागलं होतं. दर वेळी ती काहीतरी विचारेल असं वाटायचं. तिनं कधी विचारलं नाही. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा मध्ये सहा रविवार गेले होते.

गुडघा वाकलेलाच घट्ट झाला होता. मी दाबला तर ती ओरडली, तेव्हा पहिल्यांदा. आई मजुरीला बाहेर जात होती, बाप रानात. ती दिवसभर एकटी, आणि एकटा माणूस ज्यानं कमी दुखतं तेच करतो. आम्ही तिला परत जळगावला आणलं. डॉक्टर म्हणाले, आत व्रण धरलाय, पुन्हा आत जाऊन सोडवावा लागेल, मग पुन्हा तेवढाच व्यायाम. तिच्या बापानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आते आखो कापाकापी नही.” आता आणखी कापाकापी नको. त्याला समजवायचा सरांनी खूप प्रयत्न केला. मी केला नाही. कुठल्या तोंडानं करणार होतो?

ती भरतीला गेली नाही. तिसरं वर्ष तिनं कसंबसं पूर्ण केलं. जिमखान्याकडे ती फिरकली नाही.

त्यानंतर मी बदललो, असं लोक म्हणत. टर्फवर सामना असला की मी दारातच उभा राहायचो आणि प्रत्येकाचा तळवा बघायचो. पाती दिसली की बूट उतरव, मग तो कप्तान असो की कुणाचा मुलगा. एकदा एका पालकानं माझी तक्रार केली, प्राचार्यांनी बोलावलं. मी ऐकलं नाही. मला हट्टी म्हातारा म्हणायचे. माझ्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या एकाही खेळाडूचा गुडघा बुटामुळे गेला नाही. याचा अभिमान वाटायला हवा, पण तो विचार मनात आला की लगेच दुसरा येतो, आणि मग मी काहीतरी कामाला लागतो.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं मी घरी बसून होतो. बायको एकदा म्हणाली की जे मला सांगता ते तिला जाऊन सांगा. गेल्या हिवाळ्यात गेलो. जमुना आता पाड्याजवळच्या एका आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. लग्न झालंय, एक मुलगी आहे. मला बघून तिनं पदराला हात पुसले, खुर्ची आणली, चहा दिला. चालताना उजवा पाय थोडा वाकलेला राहतो, त्यामुळे खांदा दर पावलाला खाली जातो. मी तिकडे न बघायचा प्रयत्न केला.

चहा संपल्यावर मी सांगितलं. म्हटलं, बेटा, त्या दिवशी ते बूट मी आधी घालून बघितले होते. पाय सुटत नव्हता. मला माहीत होतं, तरी मी चालतील म्हणालो.

तिनं परातीतलं पीठ गोळा केलं. मग म्हणाली, “तुम्ही कोपऱ्यात वळून बघत होता ते मी पाहिलं होतं जाळीतून. तुम्ही हात टेकला तेही पाहिलं. म्हणून तर विचारलं, मामा. तुम्ही नको म्हणाला असता तर मी काढून ठेवले असते.”

मी म्हणालो, तुझा चेहरा बघून माझ्या तोंडून नाही निघालं नाही. माझी चूक झाली.

“हो,” ती म्हणाली. रागानं नाही, एखादं नाव विचारल्यावर सांगावं तसं. पुढे म्हणाली, “पण बुटाचं मी सोडून दिलं. खेळात लागतंच. तो गुडघा बरा होत होता. तिसऱ्या रविवारी तुम्हीच म्हणालात, अजून दोन बोटं राहिलीत. मग तुम्ही आलाच नाहीत. मी सकाळपासून खाटेवर बसून वाटेकडे बघायची. आई म्हणायची, आज येतील. गोधडी मी पुन्हा घेतली होती, ती तिला काढू दिली नाही. म्हटलं, मामा आले की काढू.”

मी बुटाची माफी मागायला गेलो होतो. रविवारचं मी तयार करून नेलं नव्हतं.

तेवढ्यात मुलांच्या जेवणाची घंटा झाली. ती उठली, भाकरीची टोपली उचलली आणि मला म्हणाली, बसा, जेवून जा. मी बसलो. ती रांगेतून वाढत जात होती, दर पावलाला खांदा खाली जात होता, आणि या वेळी मी बघत राहिलो.